सरकारला सांगितलेले भाव

आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली निम्मेकाका म्हणते. त्यांनी बाजारातून काहीही आणलं, की ते जगाला पडतं त्याच्या निम्म्या किमतीत आणलेलं असतं, अशी त्यांची ख्याती. आता निम्म्यात म्हणजे अगदी निम्म्यात नव्हे, पण गल्लीला एकदा एखादं नाव सापडलं की ती मोजमाप करत बसत नाही.

नाव ठेवलं गल्लीने, पण ते गाजवलं सासूबाईंनी. सकाळी सासरे पिशवी घेऊन परत आले की सासूबाई ती पिशवी आत नेत नसत. दारातच उघडत. "टोमॅटो केवढ्याला दिले?" सासरे खालमानेने आकडा सांगत आणि सासूबाई तो आकडा समोरच्या खिडकीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणत. समोरची बाई हातातलं फडकं तसंच धरून उभी राही. मग तिच्या घरातून नवऱ्याच्या नावाने काहीतरी ऐकू येई आणि आमच्या सासूबाईंचा दिवस सुरेख सुरू होई.

सासरे तराजू दुरुस्त करतात. वजनकाट्यांच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. काटा मध्यावर येतोय का, दांडी कुठे घासतेय का, पारडं रिकामं असताना खाली झुकतंय का, हे दिवसभर बघायचं आणि संध्याकाळी बाजारात दुकानोदुकानी जाऊन तिथले काटे नीट करायचे. निवृत्त झाल्यावर खिडकीपाशी एक टेबल मांडलं आणि दुकानंच त्यांच्याकडे येऊ लागली. त्या टेबलावर कायम कुणाचा तरी काटा पोट उघडून पडलेला असतो. त्यामुळे त्यांना सगळं स्वस्त कसं मिळतं, याचं उत्तर सासूबाईंकडे तयारच होतं. "अहो, बाजार यांच्या उपकारात आहे! यांनी हात काढून घेतला तर उद्या कुणाला छटाकभर साखर तोलता येणार नाही."

खरी गोष्ट मला लग्नानंतर लवकरच कळली होती. सासऱ्यांना ताप आला होता म्हणून बाजारात मी गेले. चांगली चार ठिकाणी फिरून, भाव विचारून, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत घरी आले. सासूबाईंनी आकडे ऐकले आणि कपाळाला हात लावला. "सूनबाई, तुला कुणीही टोपी घालेल गं!" माझा असा संताप झाला की हातातला चहा ठेवून मी तशीच उलट पावली भाजीवालीकडे भांडायला गेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली. "काकांना मी ह्याच भावात देते, पोरी. उलट दोन जास्तच देतात. समोरचं माणूस भाव सांगतं आणि आपण नाही म्हणायचं, हे त्यांच्याच्याने होत नाही."

घरी आले तर सासरे अंगावर पांघरूण घेऊन टेबलाशी बसलेले. माझ्या तोंडाकडे बघूनच समजले. त्यांनी हात जोडले. "सूनबाई, एवढं पोटात ठेव."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. माहेरी जेवतानासुद्धा बोलणं भावांचंच चालायचं. लग्न झाल्यावर सासरे पहिल्यांदा बाजारात गेले, भिडेपोटी मागितले तेवढे देऊन आले आणि खरा आकडा सांगितला. नव्या बायकोचा चेहरा पडला. ती काही बोलली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. पुढच्या खेपेला त्यांनी आकडा बराच खाली सांगितला आणि वरचे पैसे स्वतःच्या खिशातून घातले. "आणि मग ती हसली गं," ते म्हणाले, "तो चेहरा बघितला आणि मी कामातून गेलो."

तेव्हापासून पदरमोड चालूच. पैशांची थैली सासूबाईंकडे, पण काटेदुरुस्तीचे पैसे सासऱ्यांच्या हातात येत आणि तिथूनच बाजाराच्या वाटेला लागत. घरी सांगताना, "ओळखीची माणसं, मुरव्वतीचं काम, काय मागायचं!" असं म्हणून ते थोडेसेच पुढे करत. सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपला नवरा कामाचे पैसे मागण्यात शून्य, पण बाजारात वाघ. माझ्यापुरतं बोलायचं, तर मी मूग गिळून गप्प बसले आणि घरात कायमची उधळी ठरले. राग यायचा. पण सकाळी दारात पिशवी उघडताना सासूबाईंचा चेहरा बघितला की तो राग पुढे ढकलला जायचा. तेवढा आनंद मी माझ्या पगारातून त्यांना कधी विकत देऊ शकले नसते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरकारची घरखर्चाची पाहणी आली. लोक कशावर किती खर्च करतात हे सरकारला जाणून घ्यायचं होतं आणि त्यासाठी चिठ्ठ्या टाकून जी घरं निवडली, त्यांत आमचं निघालं. सासूबाईंना हा बहुमान वाटला. पाहणीवाली मुलगी यायच्या दिवशी त्यांनी खुर्च्यांच्या पाठी पुसल्या, पाय पुसले आणि सासऱ्यांना बाहेरचा शर्ट घालून घरात बसायला लावलं.

मुलगी तरतरीत होती. पाठीला मोठी बॅग, हातात सरकारी टॅब, पायात झिजलेले बूट. नोकरी कंत्राटी होती आणि पहिलीच. तिने आधी गोड आवाजात सांगितलं, की ही माहिती गुप्त राहते, तेव्हा मोकळेपणाने बोला. सासूबाईंना गुप्ततेत काडीचाही रस नव्हता. त्यांनी खिडकी उघडली.

"गेल्या आठवड्यात टोमॅटो किती आणले, काकू?"

सासूबाईंनी किती ते सांगितलं आणि केवढ्याला तेही सांगितलं. मुलीने आकडा भरला. टॅब लाल झाला. तिने पुसून पुन्हा भरला. पुन्हा लाल.

"काकू, हा भाव मशीन घेत नाहीये."

"घेत नाही म्हणजे? त्याला सांग, निम्मेकाकांचं घर आहे."

बटाटे लाल झाले, साखर लाल झाली, तेल तर इतकं लाल झालं की मुलगी जरा मागे सरकली. प्रत्येक वेळी मशीन कारण विचारायचं. शेवटी तिने सगळ्या आकड्यांपुढे एकच कारण लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं : "घरातील ज्येष्ठ व्यक्ती घासाघीस करण्यात निष्णात." सासूबाईंनी ते तिला दोनदा वाचायला लावलं. ज्येष्ठ व्यक्ती टेबलाशी बसून एका स्प्रिंगच्या काट्यात अशी डोकं घालून बसली होती, की आत शिरता आलं असतं तर शिरली असती.

"आणि काकांचा व्यवसाय काय लिहू?"

"निवृत्त लिही. ते तराजूंचं आपलं किरकोळ. हौस म्हण."

सासऱ्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला ते टेबलाखाली गेले आणि मुलगी जाईपर्यंत वर आलेच नाहीत.

ती पुढेही येत राहिली, कारण पाहणी एका खेपेत संपत नाही. एकदा खाण्यापिण्याचं, एकदा कपडे-चपला-औषधं, एकदा भांडी, पंखे, दिवे. तिची आणि सासूबाईंची गट्टी जमली. चहा घेता घेता ती म्हणायची, "काका, मलाही एकदा बाजारात घेऊन चला ना, शिकवा ना." सासरे कसनुसं हसायचे आणि त्यांना अचानक खोकला यायचा.

मग एका संध्याकाळी ती आली ती दारातच उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"काकू, ऑफिसने तुमचा फॉर्म परत पाठवलाय. साहेब म्हणतात, या बाजारात हे भाव कुणालाच नाहीत. मी घरी बसून मनाने आकडे भरले म्हणतात." तिने बाहीने नाक पुसलं. "मागच्या महिन्यात एकाने खरंच तसं केलं होतं, त्याला काढून टाकलं. उद्या साहेब स्वतः येणार आहेत. माझं कंत्राट वाढवायचं की नाही, ते उद्याच ठरेल."

सासूबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. "येऊ दे तुझ्या साहेबाला! मी बघते." त्यांनी तिचे डोळे पुसले, तिला पाणी दिलं, बळेच दोन घास खायला लावले. सासरे मात्र पांढरेफटक पडले होते.

मुलगी गेल्यावर ते मला म्हणाले, "जरा कोपऱ्यावर जाऊन येतो," आणि गेले ते थेट वाण्याकडे. परत आले तेव्हा मी भांडी विसळत होते. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि एक ओली वाटी उगाच पुसू लागले.

"वाण्याला म्हटलं, उद्या साहेबाने विचारलं तर माझेच भाव सांग. तो म्हणाला, सांगेन, काका. पण मग साहेब म्हणेल, त्याच भावात मलाही दे. तेव्हा काय करू?"

मला हसू आवरेना. ते हसत नव्हते.

"बाबा, खरं सांगून टाका."

"त्या पोरीची नोकरी जाऊ द्यायची नाही, एवढं मला कळतं गं. ते मी करीन. पण..." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथे सासूबाई फोनवर आपल्या थोरल्या बहिणीला सांगत होत्या, की आमच्या ह्यांचे भाव तपासायला उद्या खुद्द साहेब येणार आहे. "तिच्यापाशी मिरवायला दुसरं काय आहे? घर लहान, मुलगा साधा नोकरदार, नवरा असा. बहिणीच्या घरी दोन गाड्या आहेत. हिच्याकडे एवढाच एक टेंभा, आणि तो मीच विझवायचा."

मी त्यांच्या हातातून वाटी घेतली. मला त्या घडीला त्यांची फार माया वाटली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

साहेब आला तो आम्ही मनात रंगवला होता तसा दांडगा नव्हता. किडकिडीत, सभ्य, बोलण्याआधी चष्मा नीट करणारा माणूस. मुलगी त्याच्या मागे भिंतीला चिकटून उभी राहिली. सासूबाईंनी तिला ओढून आपल्या शेजारी बसवली आणि तोफ डागायला सज्ज झाल्या.

"काही पावत्या आहेत का, काकू?"

"पावत्या कशाला? यांच्या शब्दावर बाजार चालतो."

साहेबाने चष्मा नीट केला. "काकू, तुम्ही सांगताय त्या भावात ठोक बाजारातसुद्धा तेल मिळत नाही. वाण्याला स्वतःला त्याहून महाग पडतं. मी तुम्हाला दोष देत नाही. ही मुलगी तुमच्याकडे नीट येऊन बसलीच नसणार, असं माझं म्हणणं आहे."

"बसली नसणार? माझ्या हातचा चहा पिऊन बसली! जे मी सांगितलं, ते तिने लिहिलं!"

"मग हे आकडे खरे कसे, ते मला कुणीतरी समजावून द्या. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

मुलगी आपल्या बुटांकडे बघत होती. सासऱ्यांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला, खुर्ची फिरवली आणि उठून उभे राहिले. शाळेत मुलं उभी राहतात तसे.

"साहेब, पोरीने सांगितलं तेच लिहिलंय. हिनेही मी सांगितलं तेच सांगितलंय. खोटं मी बोललोय. मला घासाघीस येत नाही. आयुष्यात एकदाही जमलेली नाही."

सासूबाई हसल्या, कारण त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी हसत नव्हते.

"लिहून घे, बाळ," सासरे मुलीला म्हणाले. "पहिल्यापासून."

तिने घाईघाईने टॅब उघडला. सासरे एकेक जिन्नस सांगू लागले आणि आकडे हिरवे होऊ लागले. टोमॅटोला सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. साखरेला हाताची घडी घातली. तेलाचा खरा भाव ऐकल्यावर त्या खाली बसल्या. साबणाची पाळी आली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"थांबा. साबणावर तर किंमत छापलेली असते!"

सासरे जमिनीकडे बघत राहिले.

"म्हणून तुम्ही वरचा कागद काढून आणायचात? उघडा साबण वाळतो, जास्त दिवस पुरतो, म्हणायचात! मी अख्ख्या गल्लीला साबण वाळवायला लावलेत हो!"

साहेबाने रुमाल काढला आणि तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ तोंडावर धरला. मुलगी खाली मान घालून टॅबवर बोटं चालवत होती आणि तिचे खांदे हलत होते. पण साहेब आपल्या कामाला चुकला नाही. त्याने विचारलं, "मग हे वरचे पैसे कुठून यायचे?"

"माझ्या कामाचे. काटेदुरुस्तीचे."

"महिन्याला साधारण किती होतात?"

सासऱ्यांनी आकडा सांगितला. मलाही तो माहीत नव्हता. माझ्या पगाराहून थोडाच कमी होता.

"किती?" सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितला. सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचाही आवाज येईना. सासरे तसेच उभे होते. आता रडणं होणार की आरडाओरडा, ते कुणालाच सांगता येत नव्हतं आणि साहेबसुद्धा दाराकडे बघत बसला होता.

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते. त्या सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुमचं काम चालत होतं."

"चालत होतं."

"लोक पैसे देत होते."

"देतात की. चांगले देतात."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, की यांच्या कामाला कोणी पैसे देत नाही. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मला राग आलाय, फार आलाय, तो मी नंतर काढीन. पण हे तुम्ही का ऐकून घेतलंत?"

सासऱ्यांनी टेबलावरचा पेचकस उगाच सरळ करून ठेवला. सासूबाई मुलीकडे वळल्या. "तू लिही गं. व्यवसायाचं काय लिहिलंयस ते खोड. काटे दुरुस्त करतात, असं लिही. हौस नाही, किरकोळ नाही. कारागीर लिही."

मुलीने लिहिलं. साहेबाने टॅब हातात घेऊन सगळं एकदा खालपर्यंत वाचलं, आणि तिला म्हणाला, "तुमचं काम चोख आहे. मी तसं कळवतो." ती रडली आणि हसली, दोन्ही एकदमच. निघताना साहेबाने सासऱ्यांना हळूच विचारलं, की घरचा एक काटा अडकतोय, आणला तर बघाल का. सासऱ्यांच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "आणा. पैसे पडतील."

ते गेल्यावर पाळी माझी आली. "आणि तुला हे माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे तू उधळी नाहीस."

"नाही."

"मग इतकी वर्षं बोलणी का खाल्लीस, बाई?"

काय सांगणार? "तुम्ही दारात पिशवी उघडायचात ना," मी म्हटलं, "ते मला आवडायचं." सासूबाईंनी माझा गाल जरा जोरातच ओढला. त्या ओढण्यात राग किती आणि माया किती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

नंतर काढायचा म्हटलेला राग त्यांनी काढला. काही दिवस सासऱ्यांशी अबोला. जे बोलायचं ते माझ्यामार्फत, आणि तेही तिघं एकाच खोलीत बसलेले असताना. सासऱ्यांनी ते सगळं गोगलगायीसारखं अंग चोरून सोसलं. मग एका सकाळी ते पिशवी घेऊन निघाले तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"पिशवी तुम्ही धरा. तोंड उघडायचं नाही."

लग्न झाल्यापासून त्या कधी बाजारात गेल्या नव्हत्या. जायचं कशाला, नवरा एवढा वाघ असताना! परत आल्या त्या नुसत्या फुललेल्या, केस विस्कटलेले, आवाज बसलेला. पिशवी दारात न उघडता थेट आत घेऊन गेल्या आणि फोनला बसल्या. बहिणीला बाजाराचं एक अक्षर सांगितलं नाही. "आमच्या ह्यांच्याकडे आता सरकारी साहेबांचा काटा येणार आहे दुरुस्तीला," म्हणाल्या. "हो ना, पैसे घेतात, चांगले घेतात. कारागीर आहेत."

सासरे माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. अजून धाप लागलेली होती.

"काय बोलली म्हणून सांगू! टोमॅटो हातात घेतला, बघितला, ठेवला आणि चालायला लागली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी लाजेने दुसरीकडे बघत होतो. भाजीवाली उठून मागे आली गं! धावत!"

"केवढ्याला दिले मग?"

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन आकडा सांगितला. माझा विश्वास बसेना. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"शपथेवर सांगतो, सूनबाई," ते म्हणाले. "खोटं बोलतानासुद्धा एवढं खाली यायचा मला कधी धीर झाला नाही."